एकतिसावी ओळ

सत्तेचाळिसाव्या ओळीत चूक आहे, म्हणतंय.
मी ती ओळ चारदा वाचली,
पडद्यावर बोट ठेवून.
तिथं फक्त शेवटचा कंस आहे,
आणि त्याच्याखाली काहीच नाही.

अशोक चौकात, टेलरच्या दुकानावर आमचा क्लास.
खालून शिलाई मशीन, मागच्या गल्लीतून माग,
त्यात माझ्या कीबोर्डचा आवाज
मलाच ऐकू येत नाही.
हत्तरगी सर चहाचा ग्लास घेऊन मागं उभे :
‘काय शोधायलीस गं?’
चूक, म्हटलं.
‘जिथं ते बोंबलतंय तिथं बघू नको.
तिथं त्याला फक्त कळलंय.
चूक वर कुठंतरी झालीय, केव्हाच.’

नायना हेच सांगायचे मागाबद्दल :
चादरीवर मोराची मान तुटलेली दिसते
तेव्हा दोरा तुटून वीतभर कापड विणून झालेलं असतं.
मोराकडं बघून काय उपयोग,
माग थांबव, मागं जा.

मी मागं गेले.
अडतीस : अर्धविराम नाही. दिला.
चौतीस : एन आणि टी उलटे पडलेत,
घाईत बोटं एकमेकांच्या पुढं पळतात.
तेहतीस : अवतरणचिन्हं सरांच्या मेसेजमधून उचललेली,
वाकडी, सुबक, लग्नपत्रिकेवरच्यासारखी.
मशीनला ती कळत नाहीत.
पुसून साधी, सरळ दिली.
चौदा चुकांच्या सहा झाल्या,
मग एका कंसानं अकरा झाल्या,
मग मी पाणी प्यायले.

घरी अम्मा उंबऱ्यात बसून विड्या वळत होती.
भिजलेलं पान, फर्मा, कात्री, चिमूटभर तंबाखू,
दोरा, आणि मग नखानं तोंड मुडपणं.
हजार वेळा. बोलता बोलता.
तिला सांगितलं, मशीननं माझं सगळं परत केलं.
‘छाट?’
हो, छाटच.
‘का, ते सांगतं?’
कुठली ओळ ते सांगतं. कधी कधी चुकीची सांगतं.
‘पैसे कापतं?’
नाही.
‘किती वेळा परत देता येतं?’
कितीही.
ती हसली नाही. पुढचं पान घेतलं.
‘ब्रँचमधला चेकर मूठभर उचलतो,
मोडतो, फेकतो.
तोंड उघडं होतं की दोरा सैल,
वीस वर्षांत एकदा सांगितलं नाही.
आणि तू सांगणाऱ्यावर रागावतेस?’

मग तिच्या हातातली विडी बघितली मी,
अजून न मुडपलेली,
आणि तशीच उठले.
एकतिसावी ओळ.
महिरपी कंस उघडलेला, ‘छाट असेल तर’ असं म्हणून,
आणि बंद करायचा राहिलेला.
त्याच्या खालचं सगळं जग
त्या ‘तर’च्या आत अडकून बसलेलं.

दुसऱ्या दिवशी क्लासला जाऊन
एक बटण दाबलं, एक महिरप बंद झाली.
पडदा क्षणभर काळा,
मग कर्सर, मग आकडा.

प्रोग्रॅम अम्माच्या आठवड्याचा होता :
सहा हजार विड्या, वजा तीनशे छाट,
हजाराला दोनशे.
अकराशे चाळीस, म्हणालं.

अम्माच्या वहीत, चेकरच्या निळ्या अक्षरात :
एक हजार ऐंशी.

‘तुझं मशीन चुकलंय,’ अम्मा म्हणाली.
मी परत ओळ ओळ तपासली,
अर्धविराम, कंस, स्पेलिंग.
मशीन गप्प. त्याची काही तक्रार नव्हती.
मग वही घेतली, पेन्सिल घेतली,
वरून खाली न येता
खालच्या बेरजेपासून वर चढत गेले.
बुधवारपाशी थांबले.
तीनशे छाट तिथं एकदा वजा,
आणि शनिवारी, नीट, सुवाच्य, पुन्हा एकदा.

वहीचं व्याकरण अगदी शुद्ध होतं.
प्रत्येक आकड्याखाली रेघ,
रेघेखाली सही.

अम्मानं ओल्या फडक्यानं पानं झाकली,
हात पुसले.
‘मागच्या आठवड्याची पण वही आहे,’ म्हणाली,
‘कोनाड्यात. त्याच्या मागचीही.’